शामक व निद्राकारी औषधे

मनाची अस्वस्थता कमी करणारी आणि झोप आणणारी औषधे. बोलीभाषेत ‘झोपेच्या गोळ्या’. यांतील बहुतेक औषधे मेंदूतील ‘गाबा’ या रसायनाचा चेतापेशींना शांत करणारा परिणाम वाढवतात. थोड्या मात्रेने चिंता ओसरते, वाढत्या मात्रेने झोप लागते, त्यापुढे शुद्ध हरपते. झोप आणणारी मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर किती, यावर औषधाचा धोका ठरतो.

बार्बिट्युरेट गटात हे अंतर फारच थोडे असते. १९०३ मध्ये पुढे आलेल्या बार्बिटालपासून सुमारे अर्धशतक झोपेसाठी याच गटाचा मोठा वापर झाला. गाबामुळे पेशीतील क्लोराइडची वाट उघडते. बार्बिट्युरेटे ती अधिक वेळ उघडी ठेवतात आणि मात्रा मोठी असल्यास गाबाशिवायही उघडतात. त्यांच्यावर नेमका उतारा नाही. आज फेनोबार्बिटाल मुख्यतः अपस्मारासाठी उरले आहे.

लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून आलेली क्लोरडायझेपॉक्साइड (१९६०) व डायझेपाम (१९६३) ही बेंझोडायझेपिने गाबा असेल तरच काम करतात, म्हणून एकट्या त्यांच्या अतिमात्रेने मृत्यू क्वचितच होतो. फ्लुमाझेनिल हा उताराही आहे. मात्र सवय जडलेल्या रुग्णाला तो दिल्यास झटके येऊ शकतात. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामके सोबत घेतली की ही सुरक्षितता संपते, आणि नेमके हेच घरोघरी विसरले जाते. डायझेपाम शरीरात अनेक दिवस रेंगाळते. वृद्धांमध्ये त्यामुळे तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे असे प्रकार होतात.

झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा प्रभाव लवकर ओसरतो, तरी अर्धवट झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, गाडी चालवणे अशा घटना घडल्या आहेत. स्त्रियांच्या रक्तात ते सकाळपर्यंत अधिक उरते, म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांची सुरुवातीची नेहमीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅम करण्यात आली.

बेंझोडायझेपिने रोज घेऊन एकाएकी बंद केल्यास निद्रानाश, थरथर, क्वचित झटके व भ्रम उद्भवतात. म्हणून मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. तरीही तेलंगणा व महाराष्ट्रात ताडीत क्लोरल हायड्रेट हे निद्राकारी औषध किंवा अल्प्राझोलाम मिसळल्याचे आढळले आहे. अशी ताडी पिणाऱ्याला आपल्याला कशाची सवय लागली हे ठाऊकच नसते, आणि ताडी सुटल्यावर झटके आले तर रुग्णालयात विचारले तरी तो औषधाचे नाव सांगू शकत नाही.