मोटारगाडी ओढून नेणे, नादुरुस्त (मुंबई उपनगरे)

यंत्रातील बिघाड, अपघात, दीर्घकाळ पडून राहणे किंवा कागदपत्रांची मुदत संपणे यांमुळे रस्त्यावर स्वतःच्या शक्तीने नेता न येणारी मोटारगाडी दुसऱ्या वाहनाच्या साह्याने हलविण्याच्या क्रियेस ‘ओढून नेणे’ म्हणतात. मुंबईच्या गॅरेजांतून या क्रियेला ‘टोचन’ हा शब्द रूढ आहे. ओढण्याच्या साखळीच्या इंग्रजी नावाचा (टो-चेन) हा अपभ्रंश मानला जातो. साखळीची जागा पुढे नायलॉनच्या दोराने, पट्ट्याने व लोखंडी दांड्याने घेतली, तरी शब्द टिकून राहिला.

या क्रियेचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्यात नादुरुस्त गाडीची चारही चाके रस्त्यावर फिरत राहतात व पुढचे वाहन तिला दोराने वा दांड्याने ओढते. दुसऱ्यात पुढची किंवा मागची चाके यारीने उचलून धरतात आणि उरलेली दोन फिरू देतात. तिसऱ्यात संपूर्ण गाडी सपाट हौद्याच्या मालमोटारीवर चढवून नेतात. तिसऱ्या प्रकाराला ओढणे म्हणणे खरे तर चुकीचे आहे. तेथे मोटारगाडी ही वाहन राहत नाही, ती माल होते. मुंबईच्या उपनगरांत या विषयाचा जो इतिहास घडला, तो मुख्यतः पहिल्या प्रकाराकडून तिसऱ्याकडे झालेल्या वाटचालीचा होय. स्वस्त मार्ग आणि कायदेशीर मार्ग हे एकच असतात की वेगळे, हा प्रश्न या वाटचालीत वारंवार उद्‌भवलेला दिसतो.

या कामासाठी खास बनविलेले वाहन पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ मध्ये एका जुन्या मोटारीवर खांब, कप्पी व साखळी बसवून अशी पहिली गाडी तयार केली. ओढ्यात पडलेली एक मोटार माणसांच्या बळावर बाहेर काढताना झालेल्या दमछाकीतून ही कल्पना सुचल्याचे सांगतात. हिंदुस्थानात त्यापूर्वीच १९१४ चा मोटार वाहन कायदा झाला होता. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था स्थापन झाली. बंद पडलेल्या मोटारीला रस्त्यात मदत मिळणे हा पुढे तिच्या सभासदत्वाचा एक प्रमुख लाभ ठरला. वर्गणी आधी भरून संकटकाळी सेवा घ्यावयाची, ही पद्धत आज विमा कंपन्या व मोटार-उत्पादक यांच्या साहाय्य-योजनांतही दिसते.

अंधेरी, घाटकोपर इ. वस्त्या त्या वेळी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होत्या. १९५० मध्ये ही हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढविण्यात आली आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. बोरिवली व मुलुंड अशा रीतीने दुसऱ्या टप्प्यात मुंबईत आली. पश्चिमेकडे घोडबंदर रोड (आजचा स्वामी विवेकानंद मार्ग) व पूर्वेकडे आग्रा रोड (आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग) हेच उत्तर-दक्षिण जाणारे मुख्य रस्ते होते. द्रुतगती महामार्ग त्यांना समांतर असे नंतर आले. पूर्व-पश्चिम ओलांडणे मात्र रेल्वेमार्गांमुळे कायमच अवघड राहिले. अंधेरीचा गोखले पूल हे याचे अलीकडील उदाहरण होय. २०१८ मध्ये त्याचा एक भाग कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो वाहतुकीस बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू व मे २०२५ मध्ये दुसरी बाजू खुली झाली. मधल्या काळात अंधेरी पूर्वेस बंद पडलेली गाडी पश्चिमेच्या ओळखीच्या गॅरेजात नेणे म्हणजे मोठा वळसा घेणे होते. ओढण्याचे भाडे अंतरावर आकारले जात असल्याने पुलांचा हा प्रश्न मोटारमालकाच्या खिशाशी थेट जोडलेला आहे.

दोराने ओढण्याची पद्धत उपनगरांत दीर्घकाळ निभली, याचे एक कारण त्या काळच्या मोटारींच्या रचनेत सापडते. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या १९४४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना घाटकोपरच्या शेजारी कुर्ल्याला आग्रा रोडवरच होता. तेथे तयार झालेली फियाट व पुढे प्रीमिअर पद्मिनी हीच मुंबईची सर्वपरिचित मोटार. तिचे सुकाणू व गतिरोधक चालकाच्या अंगबळावरच चालत. त्यामुळे एंजिन बंद असतानाही गाडी बऱ्यापैकी ताब्यात राही. दंतचक्रपेटी हाताने बदलावयाची असल्याने ती तटस्थ स्थितीत ठेवली की चाके मोकळी होत. एखादा टॅक्सीवाला दुसऱ्या टॅक्सीला दोर बांधून गॅरेजपर्यंत नेई आणि व्यवहार चहापाण्यावर मिटे. ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नंतरच्या मोटारींत गतिरोधक व सुकाणू यांना एंजिनाचे किंवा विजेचे साह्य असते. एंजिन बंद पडताच दोन्ही जड होतात. किल्ली काढलेली असल्यास सुकाणू अडकून बसते. स्वयंचलित दंतचक्रपेटीला वंगण पुरविणारा पंप सामान्यतः एंजिनावर चालतो, म्हणून चालकचाके जमिनीवर ठेवून अशी गाडी दूर ओढली तर पेटी जळते. विद्युत् मोटारगाडीत फिरणारी चाके विद्युत् चलित्रालाही फिरवितात. अशा गाड्यांना हौदा हाच सुरक्षित मार्ग होय. दोराच्या बचतीपेक्षा पेटीच्या दुरुस्तीचा खर्च कितीतरी अधिक येतो, हे पुष्कळांना गॅरेजचे बिल हाती पडल्यावर उमगते.

कायद्याने ओढण्याची मुभा दिली ती मर्यादित अर्थानेच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्रयस्थ पक्षाच्या सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. रस्त्यावरील वाहनामुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेची जबाबदारी तेव्हापासून निश्चित झाली. त्यानंतरचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला व त्याखालील रस्त्याच्या नियमांसंबंधीच्या विनियमांत ओढण्याच्या अटी स्पष्टपणे मांडल्या गेल्या. नादुरुस्त किंवा अपुरी जोडणी झालेली मोटारच ओढता येईल आणि तीही जवळच्या गॅरेज वा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असावा किंवा तिची सुकाणू-चाके यारीने पक्की उचललेली असावीत. दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरांपेक्षा अधिक नसावे. दोर इतरांना सहज दिसेल असा असावा. मागील बाजूस पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान ७५ मिमी. उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले असावे आणि वेग ताशी २४ किमी.हून अधिक नसावा, अशा त्या अटी होत. २०१७ मध्ये या विनियमांची जागा वाहनचालनाविषयीच्या नव्या विनियमांनी घेतली. ओढण्याची मुभा बंद पडलेल्या वाहनापुरती ठेवण्याचे तत्त्व त्यांतही कायम आहे. या अटींचा रोख पाहता, ओढले जाणारे वाहन हे कायद्याच्या दृष्टीने वाहनच असते. म्हणून विम्याची वा नोंदणीची मुदत संपलेली गाडी दोराने ओढणे जोखमीचे ठरते, तर हौद्यावरून नेल्यास रस्त्यावर चालणारे वाहन हौदागाडी असते व तिची कागदपत्रे पुरी असावी लागतात.

उपनगरांत ऑटोरिक्षांचा एक निराळाच प्रकार आढळतो. मुंबई बेटावर रिक्षांना मज्जाव असल्याने हे दृश्य वांद्रे व शीव यांच्या उत्तरेसच दिसते. बंद पडलेल्या रिक्षेच्या मागील भागाला दुसरा रिक्षाचालक एक पाय टेकवितो व आपली रिक्षा चालवीत तिला ढकलत नेतो. व्यवसायबंधुत्वाचा हा नमुना कौतुकास्पद असला, तरी वरील कोणत्याही अटीत तो बसत नाही आणि पाय जायबंदी होण्याचा धोका त्यात उघड आहे.

नादुरुस्त मोटारींचा सर्वांत मोठा लोंढा उपनगरांनी २६ जुलै २००५ च्या पुरात अनुभवला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, कुलाब्यात तो केवळ ७४ मिमी. होता. संकट जवळजवळ संपूर्णपणे उपनगरांचे होते. हजारो मोटारी रस्त्यांत सोडून लोक पाण्यातून चालत घरी गेले आणि काही जण बंद मोटारींतच गुदमरून मरण पावले. पाणी ओसरल्यावर यारी मिळेना, मिळाली तर मागेल ते भाडे द्यावे लागे. ज्यांनी घाईने एंजिन सुरू करून पाहिले, त्यांच्या सिलिंडरांत शिरलेल्या पाण्याने दट्ट्यांचे दांडे वाकविले. पाण्यात बुडालेली गाडी सुरू न करता उचलून नेणे हे तंत्र तेव्हापासून सर्वतोमुखी झाले. अंधेरीचा भुयारी मार्ग दर पावसाळ्यात त्याची आठवण करून देतो.

खर्चाच्या बाबतीत मोटारमालकाला उपलब्ध असलेला एक आधार अनेकदा दुर्लक्षित राहतो. खाजगी मोटारीच्या सर्वसमावेशक विम्याच्या प्रमाण मसुद्यात, विमासंरक्षित हानीमुळे गाडी निकामी झाल्यास तिला जवळच्या दुरुस्तीगृहात नेण्याचा वाजवी खर्च १,५०० रुपयांपर्यंत कंपनीने देण्याची तरतूद आहे. २००२ च्या दरपत्रकातील ही रक्कम आज तुटपुंजी वाटते. साध्या यांत्रिक बिघाडास ती लागू नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून घेतलेले साहाय्यकलम लागते. व्यापारी वाहनांच्या प्रमाण विमापत्रात एक निकामी वाहन ओढण्याची मुभा आहे, परंतु मोबदला न घेण्याच्या अटीवर. म्हणजे ओळखीच्या टेम्पोवाल्याने मैत्रीखातर मदत केली तर विमा टिकतो, पैसे घेतले तर त्याचा आधार जातो. स्वस्त सौद्यातील ही खोच सहसा लक्षात येत नाही. भाड्याच्या हौद्याचा दर अंतर, वेळ, चाके फिरतात की जाम आहेत, आणि गाडी तळघरातील वाहनतळातून काढावयाची आहे काय, यांवर ठरतो. तो गाडी चढविण्यापूर्वी ठरवून घेण्याची पद्धत हितावह असते.

रस्त्यावर सोडलेल्या गाडीसंबंधी कायदा कडक आहे. १९८८ च्या कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन गणवेशधारी पोलीस अधिकारी हलवू शकतो व खर्च मालकाकडून वसूल होतो. वाहतुकीस अडथळा करणाऱ्या नादुरुस्त वाहनाला २०१ व्या कलमाखाली असणारा तासाला पन्नास रुपयांपर्यंतचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने पाचशे रुपयांपर्यंत नेला. मात्र अनपेक्षित बिघाड झालेले व हलविले जात असलेले वाहन त्यातून वगळले. मुंबईकरांच्या मनात ‘क्रेन’ या शब्दाने उमटते ते चित्र या कलमांपेक्षा अवैध वाहनतळावरील कारवाईचे असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाड येथे तान्ह्या मुलासह आई आत बसलेली असताना मोटार ओढली जात असल्याचे चित्रीकरण प्रसृत झाले व संबंधित पोलीस कर्मचाऱ्यास निलंबित करण्यात आले. मार्च २०२२ मध्ये शहरातील ही कारवाई प्रायोगिक स्वरूपात काही काळ थांबविण्यात आली होती.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या मोटारीचा शेवटचा प्रवास पूर्वी कुर्ल्याच्या भंगारबाजाराकडे होई. तेथे किंमत रोख मिळे. पण नोंदणी रद्द करावयाची राहून जाई व सांगाड्याचा क्रमांक भलत्या गाडीवर चढण्याचा धोका उरे. कायम निकामी झालेल्या वाहनाची माहिती चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास देणे ५५ व्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. अंधेरी व बोरिवली येथे त्यासाठी परिवहन कार्यालये आहेत. घाटकोपर व मुलुंडच्या मालकांना वडाळ्याला जावे लागते. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रांची व्यवस्था केली. अशा केंद्रात गाडी दिल्यावर मिळणारे जमा प्रमाणपत्र नव्या वाहनाच्या खरेदीत सवलतीसाठी उपयोगी पडते. गाडी चालती असण्याची गरज तेथे नसते.