कडू आणि गोड

मंठ्याला आमच्या ओट्यावर म्हातारी माणसं एखाद्या घराबद्दल आवाज खाली आणून म्हणायची, "ते कडू हायेत." मला वाटायचं, स्वभावाने कडू असतील. लग्नाच्या बायकोची लेकरं गोड आणि ठेवलेल्या बाईची कडू, हे बऱ्याच उशिरा कळलं.

मंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. पण पलीकडे इंग्रजी मुलखात हाच प्रश्न हायकोर्टात गेला होता: कडू पोराला बापाच्या जमिनीत वाटा आहे का?

याज्ञवल्क्य स्मृतीप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला वाटा आहे. बाप गेल्यावर भावांनी त्याला अर्धा हिस्सा द्यावा. वरच्या तीन वर्णांत मात्र फक्त पोटापुरतं. पण दासी म्हणजे कोण? पेशवाईत कुणबिणी चक्क विकत घेतल्या जात. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या कोर्टांनी माणसावरची मालकी मानणं बंद केलं. मग गुलाम नाही तर दासी नाही, आणि दासी नाही तर दासीपुत्र कुठला? १८७५ साली कलकत्ता हायकोर्टाने जवळपास हाच हिशेब मांडला. त्याच सुमारास मुंबईत सरन्यायाधीश वेस्ट्रॉप यांनी 'राही विरुद्ध गोविंद' खटल्यात उलट ठरवलं: शूद्रांमध्ये कायम ठेवलेल्या बाईचा मुलगा दासीपुत्रासारखाच. संबंध व्यभिचाराचा असेल तर मात्र वारसा नाही. म्हणजे बघा, गुलामी कायद्याने संपलेली, आणि पोराला जमीन मिळावी म्हणून आईला दासीच्या पंगतीला बसवायचं! १८७८ च्या 'सदू विरुद्ध बायजा' मध्ये तर औरस भाऊ मेल्यावर सगळी मिळकत अनौरस भावाकडे जाते, असंही ठरलं.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. वाटा शूद्राच्याच पोराला, त्यामुळे बापाचा वर्ण कोर्टाने ठरवायचा. पोराने म्हणायचं, माझा बाप शूद्र. बाकीच्यांनी म्हणायचं, छे, आम्ही क्षत्रिय. १९२८ साली 'सुबराव विरुद्ध राधा' खटल्यात मुंबई हायकोर्टाने शहाण्णव कुळी मराठ्यांना क्षत्रिय मानलं. घराण्याचा मान वाढला आणि त्याच मापाने अशा पोरांचा वाटा गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अनौरस मूल फक्त आईच्या बाजूचं धरलं, तेव्हा शूद्राच्या पोराचाही हा जुना हक्क संपला.

ओट्यावर ज्यांच्याबद्दल बोलायचे, त्यांतल्या एका घरचा मुलगा माझ्या वर्गात होता. शिवाराच्या वाटणीत त्याच्या वडिलांना काय मिळालं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.