कथा जुनी, पाठ नवा

मराठी रंगभूमीचा आरंभच सर्वांना मुखोद्गत असलेल्या कथेने झाला. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे लहान मुलालाही ठाऊक होते. या प्रयोगामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे सीमाभागातील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार गाई आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी करीत. कीर्तनातून कानी पडलेली कथा डोळ्यांपुढे उभी राहिली. पात्रांचे अंतरंग मात्र उलगडावयाचे राहिले.

ते कार्य अण्णासाहेब किर्लोस्करांनी केले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे त्यांचे जन्मगाव. बेळगावात ते शिक्षक होते आणि पुढे नाटककार म्हणून कीर्ती पावलेले गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील विद्यार्थी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. शाकुंतलाची मराठी भाषांतरे त्यापूर्वीही झाली होती. पण त्यांचा लाभ साक्षरांपुरताच होता. आता साकी-दिंडीच्या परिचित चालींत पात्रे स्वतः गाऊ लागली आणि संस्कृताचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही कालिदास आपलासा वाटू लागला.

कथा ठाऊक असल्याने प्रेक्षकाचे लक्ष ‘पुढे काय’ यावरून ‘असे का’ याकडे वळते. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ने १९०७ साली याचा प्रत्यय दिला. महाभारतातील कीचकाच्या ठायी प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीच्या ठायी देश पाहिला. रंगमंचावर कोणाचेही नाव न घेता दिलेला हा धडा सरकारलाही कळला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पुढे शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ या १९६६ च्या नाटकाने पुराणकथेतूनच सुखलोलुपतेचा प्रश्न नव्या पिढीपुढे मांडला.

मात्र या शिक्षणाला एक पूर्वअट आहे. मूळ कथाच अपरिचित असेल, तर तिला दिलेला नवा अर्थ प्रेक्षकाच्या ध्यानी येत नाही. घरातील पुराणश्रवण ओसरल्यावर ती ओळख करून देण्याचा भार ग्रंथालयावर येतो. नाट्यगृहाचा दरवाजा अनेकदा ग्रंथालयाच्या कपाटातूनच उघडतो.