बसऱ्याला गेला, तो गेलाच
टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात आजी सांगते, "मामंजींचा थोरला भाऊ बसऱ्याला गेला, तो गेलाच." पलटण ११७ वी मराठाज, एवढंच माहीत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनाव टाकलं. काहीच नाही! कारकुनाने ऐकू आलं तसं स्पेलिंग केलेलं. मग आडनाव सोडून पलटण आणि गाव टाकलं. सापडला! बापाचं नावही जुळलं. मृत्यू १९१६, त्याच वर्षी ही पलटण कुतच्या वेढ्यात अडकली होती.

बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीच नावं, शिपायांचा नुसता आकडा. नावं रजिस्टरात. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी!

आजीला नोंद वाचून दाखवली. म्हणाली, "गावाचं नाव परत वाच."