आमच्या मुलखांतील इंग्रजी व्याकरणाची कथा

महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आमच्या शाळकरी मुलांच्या विद्याभ्यासाविषयीं चार शब्द लिहावेत, अशी आम्हांस सूचना झाली. मुलांस कोणता विषय सर्वांत जड जातो असें धर्मग्रामांतील आईबापांस विचारलें, तों घरोघरीं एकच उत्तर मिळालें: इंग्रजीचें व्याकरण. हें भय आजकालचें नव्हे. त्याला इतिहास आहे, आणि हिंगोलीच्या बाबतींत तो उर्वरित महाराष्ट्राहून कांहींसा निराळा आहे.

इंग्रज लोक हिंगोलीस नवखे नव्हते. १९०३ सालापर्यंत येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती व तिचे वरिष्ठ अधिकारी इंग्रज असत. परंतु छावणींतील हुकूम कानीं पडणें वेगळें आणि पुस्तक उघडून भाषा शिकणें वेगळें. निजामी अमलांत माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेंच होतें. इंग्रजी हा तेथें सक्तीचा विषय होता. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास अशा रीतीनें एका परक्या भाषेचें व्याकरण दुसऱ्या परक्या भाषेंतून समजून घ्यावें लागे. उर्दूंत नामाला इस्म म्हणतात आणि क्रियापदाला फेल. परीक्षेच्या धाकांत असलेल्या मुलास हा दुसरा शब्द कसा वाटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी! उर्दू भाषेविषयीं आमची तक्रार नाहीं. तिचें माधुर्य कोण नाकारील? पण एका भिंतीपलीकडचें पाहण्यासाठीं आधीं दुसरी भिंत चढावी लागे, एवढेंच आमचें म्हणणें. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत सामील झालें, आणि त्यानंतर मराठवाड्यांत मराठी शाळांची वाट मोकळी झाली.

परभाषेचें व्याकरण गोडीनें शिकतां येतें, याचें फार जुनें उदाहरण आपल्याच परंपरेंत आहे. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ च्या आक्टोबरांत ते गोव्यास उतरले. १५८३ सालीं भावास धाडलेल्या पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृताविषयीं तोच विचार मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं! स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, राचोल येथें छापून निघालें. व्याकरण म्हणजे त्यांच्या लेखीं केवळ नियमांची यादी नव्हती. जी भाषा अवगत आहे तिच्याशीं नवी भाषा ते ताडून पाहत.

आमच्या मुलांस हीच वाट उलट दिशेनें चालावयाची आहे. तिच्यावर खुणा करून ठेवणारे पुरुष महाराष्ट्रांत पुष्कळ झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें, तें इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. आगरकरांनीं १८८८ सालीं वाक्यमीमांसेवर पुस्तक लिहून सुट्या शब्दांऐवजीं सबंध वाक्य हातीं घेतलें व त्याचें पृथक्करण करण्यास शिकविलें. पुढें तर्खडकर याच नांवाच्या भाषांतर-पाठमाला घरोघर गेल्या. त्यांवर घोकंपट्टीचा आरोप होतो व तो अगदींच खोटा नाहीं. तथापि मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्याकडे नेण्याची त्यांची रीत आम्हांस आजही खरी वाटते.

२००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी आमच्यांतील कित्येक आईबापांस वाटतें कीं, मराठी बाजूस सारली म्हणजे इंग्रजी आपोआप येईल. मुलांस मराठीच्या आधारावांचून इंग्रजी शिकविल्यानें काय होतें, हें निजामी शाळेंत शिकलेल्या वडीलधाऱ्यांस विचारावें.

आमच्या संध्याकाळच्या वर्गांत आम्ही फळा बाजूस ठेवून मुलांनाच शब्द करतों. एकाच्या हातीं ‘राम’, दुसऱ्याच्या हातीं ‘नें’, तिसऱ्याच्या हातीं ‘आंबा’, चौथ्याच्या हातीं ‘खाल्ला’, अशा पाट्या देऊन ओळींत उभें करावें. आतां इंग्रजी करा म्हटलें कीं ‘खाल्ला’ शेवटची जागा सोडून मध्यें येतो, त्याची ‘एट’ होते, आणि ‘नें’ बिचारा खालीं बसतो, कारण इंग्रजींत त्याला कामच नाहीं. आंब्याऐवजीं पोळी आणली तर मराठींत ‘खाल्ला’चें ‘खाल्ली’ होतें. इंग्रजी ‘एट’ जागचें हलत नाहीं. ‘टेबलावर’ म्हणतांना मागें असलेला ‘वर’ इंग्रजींत ‘ऑन’ होऊन टेबलाच्या पुढें धांवतो, तेव्हां हंशा पिकतो. ज्या नियमासाठीं पूर्वीं छड्या खाव्या लागत, तो मुलें पायांनीं चालून शिकतात.

एके दिवशीं आम्ही ‘मला भूक लागली’ हें वाक्य दिलें व स्वतःच अडचणींत सांपडलों. ‘भूक’ची पाटी धरलेली मुलगी म्हणाली, “गुरुजी, मी कोठें उभी राहूं?” आम्हांस लागलेंच उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ‘मला’च्या जागीं ‘आय’ आला, ‘लागली’ खालीं बसली, ‘ऍम’ नवा उभा राहिला, आणि त्या मुलीस ‘हंग्री’ची पाटी देऊन शेवटीं उभें केलें. तिनें पाटी वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे इंग्रजींत भूक आपल्याला लागत नाहीं, आपणच भुकेले असतों.” विशेषणाचा नियम सांगण्यासाठीं आम्ही खडू उचलला होता, तो तसाच खालीं ठेवला.