जमिनीचा पैसा, कॉलेजची फी

नवी मुंबईतल्या उलव्याच्या मूळ रहिवाशांची पुंजी दोन पिढ्यांपूर्वी बँकेत नव्हती. ती बांधाआडच्या भातशेतीत होती, मिठागरात होती, बायकांच्या अंगावरच्या सोन्यात होती. पोराला पुढं शिकवायचं ठरलं की भात विकायचं, दागिना गहाण टाकायचा, अगदीच अडलं तर जमिनीचा तुकडा काढायचा.

१७ मार्च १९७० रोजी सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं. नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या आणि पुंजीचं रूपच पालटलं. शेत गेलं, हाती मोबदला आला. तोही तुटपुंजा. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासई परिसरात रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या संघर्षातून आली. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी दहा गावं हलवावी लागली, तेव्हा २०१४ मध्ये हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलं.

मोबदला किती, यासाठी माणसं जिवावर उदार झाली. आलेला पैसा ठेवायचा कुठं, हे मात्र ज्या त्या घराला एकट्यानं ठरवावं लागलं.

सर्वांत जुना पर्याय पोस्टाचा. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे आणि दहा वर्षांचं मूल तिथं स्वतःच्या नावानं खातं चालवू शकतं. शाळांमध्ये एके काळी ‘संचयिका’ होती: मुलंच पैसे गोळा करत, वहीत नोंद करत. ही योजना पुढं बंद पडली, याची खरोखर हळहळ वाटते. बाजारपेठेत रोज दारात येणारा पिग्मीवाला होता. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं दोन आण्यांपासून सुरू केली. आणि भिशी तर होतीच.

ओळखीच्या माणसांची बँक म्हणून पनवेल-उरणच्या अनेक घरांनी कर्नाळा नागरी सहकारी बँक निवडली. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं तेव्हा सांगितलं. त्यामागं एक योगायोग आहे. लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यावर, १९६२ पासून देशात ठेवींना विमा मिळू लागला; सुरुवातीची मर्यादा दीड हजार रुपये. १९९३ पासून ती एक लाखावर अडकून होती आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. कर्नाळाचा परवाना जाण्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी! पतसंस्थांच्या ठेवींना तर हे संरक्षण मुळीच नाही. पाटीवर ‘पत’ आहे की ‘बँक’, हे म्हणूनच आधी पाहायचं.

सुरक्षिततेइतकाच प्रश्न तारखेचा. सुकन्या समृद्धी ही २०१५ पासूनची चांगली योजना; पण तिचं खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावं लागतं. पीपीएफ १५ वर्षांचा आणि पैसे अंशतः काढायची मुभा सातव्या आर्थिक वर्षापासून, म्हणजे चौदाव्या वर्षी उघडलेलं खातं पहिल्या वर्षाच्या फीला उपयोगी नाही. पोस्टाचं पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं तेराव्या वर्षी उघडलं तर बरोबर अठराव्या वर्षी हाती येतं. आठवीतल्या मुलासाठी हा साधा मार्ग सर्वांत सोयीचा. थोड्या जादा व्याजापायी पैसा अडकवण्यात शहाणपण नाही.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांनाही दहा वर्षांवरील मुलांना बचत आणि मुदत ठेव खाती स्वतंत्रपणे चालवू देण्याची मुभा दिली. मर्यादा प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. मूल सज्ञान झालं की बँक नव्यानं सूचना आणि नमुना सही घेते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत जाणाऱ्या उलव्याच्या मुलांनी प्रवेशाची धावपळ सुरू होण्याआधी हे काम उरकून घ्यावं.