तगर ते तेर : एका बाजारपेठेचा ऐतिहासिक वारसा

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले तेर संत गोरोबा काकांची भूमी म्हणून सर्वपरिचित आहे. व्यापारपेठ म्हणून त्याची ओळख मात्र त्याहून सुमारे बारा शतके जुनी आहे. या दोन ओळखींचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

व्यापारी तगर :
इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावरील तगर नगराचा उल्लेख येतो. तेथील साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये प्रतिपादन केले. येथे सापडलेली सातवाहनकालीन नाणी, मणी, मृण्मूर्ती व हस्तिदंती स्त्रीप्रतिमा या समृद्धीची साक्ष देतात. त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे हेन्री कझिन्स यांचे मत होते.

भक्तीचे तेर :
गोरोबांनी इ. स. 1317 मध्ये येथे समाधी घेतली, असे परंपरा मानते. चैत्र वद्यात त्यांची यात्रा भरते. थापटण्याने संतांची परीक्षा घेऊन नामदेवांना 'कच्चे मडके' ठरविल्याची कथा कुंभाराच्या व्यवसायातूनच घडली आहे. प्राचीन मृण्मूर्ती आणि ही कथा यांतून कारागिरांची अखंड परंपरा सिद्ध होत नाही. मात्र मातीकामाला या गावाच्या स्मृतीत असलेले स्थान दोन्हींतून स्पष्ट होते.

जतनाचा प्रश्न :
कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर मिळणाऱ्या हजारो वस्तू चिकाटीने जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच येथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यांच्याअभावी यातील बहुतांश ठेवा विखुरला असता. तथापि, उत्खननाविना मिळालेल्या वस्तूचा मूळ स्तर कळत नाही आणि कालनिश्चिती शैलीवरच अवलंबून राहते. वस्तू वाचते, पण तिचा संदर्भ हरवतो.

निष्कर्ष :
तेरचा वारसा केवळ संग्रहालयात किंवा केवळ समाधिमंदिरात सामावलेला नाही. उरलेली टेकाडे हा त्याचा अद्याप न वाचलेला दस्तऐवज आहे. घराचा पाया खणताना मिळणाऱ्या वस्तूंची जागा, खोली व दिनांक यांची नोंद आणि ज्येष्ठांकडील मौखिक परंपरेचे संकलन ही कामे परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग अल्प खर्चात करू शकतात. माती एकदा उपसली गेली की ही संधी पुन्हा मिळणार नाही.